बाईंनी पत्ता खोडला

बाईंचा पत्ता मला आजही तोंडपाठ आहे. माझ्या स्वतःच्या पुण्यातल्या फ्लॅटचा पिनकोड विचारलात तर मी आधी चष्मा शोधेन. पण बाईंचा घर नंबर, रस्ता, गाव, राज्य आणि शेवटचे ते पाच आकडे, गाढ झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणेन. राज्याचं नाव इथं सांगत नाही. दक्षिणेकडचं होतं एवढं पुरे. माझ्या मुलानं पुढं घर बदललं, पण अजून त्याच राज्यात नोकरीला आहे, उगाच त्याच्या दारी कुणी चौकशीला जायला नको.

मुलाकडे मी पहिल्यांदा गेले ती दोन हजार दोन साली, नात झाली तेव्हा. पुढं मग दरवर्षी सहा महिने जातच राहिले. सातवीपर्यंत शाळा आणि बाकीचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवरून, अशी मी बाई. तिथं दिवसभर खिडकीत बसून काय बघायचं, तर लॉन. चौथ्या दिवशी दार वाजलं. दारात सत्तरीच्या एक बाई. नऊवारी नाही, पंजाबी नाही, साधी सुती पाचवारी, त्यावर पुरुषी स्वेटर आणि पायांत पांढरे पळायचे बूट. त्यांनी आपलं नाव सांगितलं, मग "मूळ नागपूर, भुलेच्या इंजेक्शनांची डॉक्टर, आता रिटायर," आणि मग घराचा पत्ता, पार त्या पाच आकड्यांपर्यंत.

घर समोरच होतं. दारात उभं राहून दिसत होतं!

"खिडकीत काय बसून राहिल्या ताई?" म्हणाल्या. "चला, मीटिंगला जायचंय."

कसली मीटिंग, विचारायचीही सवड नाही. गावाच्या लायब्ररीचे रविवारचे तास कमी करणार होते, त्याच्या विरोधात बाईंना बोलायचं होतं. मी चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर सहा वर्षं मी त्या बाईंच्या मागं मागं मीटिंगांना गेले. फुटपाथची मीटिंग, शाळेच्या डब्याची मीटिंग, मोठं झाड पाडायचं की नाही याची मीटिंग. कळायचं काहीच नाही. पण बाई माइकपुढं उभ्या राहिल्या की माझ्या अंगावर काटा यायचा.

तिथं बोलायला माणशी दोन मिनिटं मिळतात. बाई त्याची तयारी घरी करायच्या. ओट्यावर अंडी उकडायचं घड्याळ, स्वतः आयुष्यात अंडं न खाल्लेल्या, आणि घड्याळ किर्र करत फिरतंय तोवर एकीकडे फोडणी, एकीकडे भाषण. घड्याळ वाजलं आणि वाक्य उरलं असेल तर तांबड्या पेन्सिलीनं कागदावर काट. "दोन मिनिटांत सांगता येत नाही ना ताई, तर मग ती गोष्ट आपल्यालाच कळलेली नसते." हे माझ्याकडे बघून म्हणायच्या. माझं बोलणं तुम्ही बघताच आहात.

पत्त्याचं मात्र त्यांना वेडच होतं. दुकानात काउंटरवरच्या पोरीनं नुसतं "हाऊ आर यू" म्हटलं तरी बाई नाव आणि पत्ता सांगायच्या. फोनवर निरोप ठेवायचा तर आधी पत्ता. एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी संकल्प सांगू लागले, जंबुद्वीपे, भरतखंडे. बाईंनी हात वर केला.

"गुरुजी, आपण तिथं कुठं आहोत? नीट सांगा. घर नंबर घ्या."

गुरुजी तरुण, दिवसा कॉम्प्युटरवर काम करणारे. म्हणाले, "काकू, देवाला कळतं हो."

"पोस्टालाही कळतं. तरी लिहितो ना आपण?"

शेवटी गुरुजींनी घर नंबरापासून झिपकोडपर्यंत सगळं संस्कृतच्या चालीत म्हटलं. सगळी मंडळी पदरात आणि रुमालात तोंड लपवून हसत होती. मीही हसले. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

कारण त्यांनी एकदा इंग्रजी शिकवताना सांगितलं. हो, मला इंग्रजी लिहायला बाईंनीच शिकवलं. ए बी सी डी नाही, पहिल्या दिवशी थेट स्वतःचा पत्ता गिरवायला दिला. दुसरा धडा "नो, थँक यू". तिसरा "आय ऑब्जेक्ट", म्हणजे माझी हरकत आहे. "एवढ्यावर या देशात बाई जगू शकते," म्हणाल्या.

तर मी गिरवता गिरवता म्हटलं, "बाई, एवढं काय हो त्या पत्त्याचं?"

तेव्हा सांगितलं. बाई आणि त्यांचे यजमान, दोघंही डॉक्टर, एकोणीसशे सत्तरच्या आसपास तिथं आले. हे घर विकायचं होतं, पाटी लागलेली. विचारायला गेले तर दलाल म्हणाला, विकलं गेलं. पाटी तशीच. आठवड्यानं पुन्हा गेले, विकलं गेलं. तिसऱ्यांदा तेच. गावातल्या ऑफिसात गेले तर तिथला माणूस गोड हसून म्हणाला, आमच्याकडे ही अशीच पद्धत आहे. रंग बघून घर नाकारता येणार नाही असा देशाचा कायदा तेव्हा नुकताच झालेला. बाईंनी तो कुठून तरी शोधून वाचला आणि केंद्र सरकारच्या ऑफिसात तक्रार केली. तिथून एक माणूस कागद घेऊन आला. महिन्याभरात ते 'विकलं गेलेलं' घर खरंच विकलं गेलं, बाईंना.

"ह्या घराची किल्ली मला गावानं नाही दिली ताई, राज्यानं नाही दिली. वरच्या कायद्यानं दिली. म्हणून पत्ता सांगते. ज्यांना ऐकायचा नव्हता त्यांना चाळीस वर्षं सांगत राहीन म्हणते."

मी गिरवत राहिले. त्या दिवशी माझं अक्षर जरा नीट आलं.

आता त्यांच्या शेजाऱ्याबद्दल सांगते. कुंपणापलीकडे एक म्हातारा गोरा गृहस्थ राहायचा, बाई त्याला मराठीत शिकारीबुवा म्हणायच्या. डोक्यावर नारिंगी टोपी, भिंतीवर हरणाची शिंगं, कपाटात बंदुका. दर हिवाळ्यात हरणाचं मांस कागदात बांधून बाईंना आणून द्यायचा. बाई पक्क्या शाकाहारी. पण "थँक यू" म्हणून घ्यायच्या, गॅरेजातल्या वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, आणि उलट डब्यातून चकल्या पाठवायच्या. तो सांगायचा, डॉक, ह्या बिअरबरोबर फार छान लागतात. बाई म्हणायच्या, माझ्या सासूला सांगू नको. सासू जाऊन तेव्हा तीस वर्षं झालेली.

या दोघांचं भांडण कुंपणावरून चालायचं. एका वर्षी राज्यात एक विधेयक आलं. राज्यात बनलेल्या आणि राज्यातच राहणाऱ्या बंदुकांना केंद्राचे कायदे लागू नाहीत, असं त्यात होतं. शिकारीबुवाला ते फार पसंत. बाईंनी ते लायब्ररीतून छापून आणलं आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं तांबडी पेन्सिल घेऊन तपासलं.

"वॉशिंग्टननं मला सांगायचं कारण काय?" शिकारीबुवा म्हणायचा. ही इंग्रजी भांडणं बाई मला नंतर मराठीतून सांगायच्या, दोघांचे आवाज काढून. "माझी बंदूक, माझं राज्य."

"वॉशिंग्टननं सांगितलं म्हणून तर मी तुझी शेजारीण आहे."

तो लाल व्हायचा. "ते वेगळं आहे, डॉक."

"कसं वेगळं ते दाखव. मी थांबते." आणि खरंच हातातली झारी खाली ठेवून थांबायच्या.

मी म्हटलं, बाई, तुम्हाला बंदुकीचा एवढा राग का? तर म्हणाल्या, "बंदुकीचा नाही हो. त्याच्याकडे आहेत की सात. प्रत्येकीनं आपल्या घरी आपापला स्वयंपाक करावा, तिखट करा, गोड करा. पण कुकरच्या झडपेत चिंधी कोंबायची नाही. आज ह्यांनी एका कायद्यात कोंबली, की उद्या दुसऱ्यात. मग माझ्या घराच्या कायद्यात कोंबायला किती वेळ?"

हे एक कारण. दुसरं कारण तळघरात राहत होतं.

बाईंच्या जुन्या दवाखान्यात एक मुलगी काम करायची, तिथलीच, गोरी, तिशीची असेल. नवऱ्यानं तिचा हात दोनदा मोडला होता. तिसऱ्यांदा त्यानं बंदूक डोक्याला लावली तेव्हा ती पळाली आणि बाईंनी तिला आपल्या तळघरातल्या खोलीत आणून ठेवलं. कोर्टातही बाईच तिच्या शेजारी बसल्या. कोर्टानं नवऱ्याला हुकूम दिला, हिच्या जवळ जायचं नाही. आणि असा हुकूम असलेल्या माणसाला बंदूक ठेवता येत नाही, विकतही मिळत नाही, हा कायदा केंद्राचा. त्या राज्याचा तसा स्वतःचा कायदाच नव्हता. म्हणजे ते विधेयक झालं असतं, तर तो माणूस राज्यात बनलेली बंदूक दुसऱ्या दिवशी दुकानातून घेऊ शकला असता. मुलीला हे माहीत होतं. रस्त्यावर कुणाच्या गाडीचं दार जोरात लागलं की तिच्या हातातला चमचा पडायचा. थालीपीठ फार आवडायचं तिला. तेही अर्धं टाकून उठायची.

ती तिथं आहे हे बाईंना माहीत, मला माहीत. शिकारीबुवानं कधी विचारलं नाही. पण त्या हिवाळ्यात मांसाची पुडकी एकदम दुप्पट यायला लागली.

विधेयकाची सुनावणी राजधानीत होती, गाडीनं दीड तास. बाई आपली जुनी होडीएवढी गाडी चाळीसच्या वर नेत नसत, त्यामुळं हायवे बंद. शिकारीबुवाही जाणारच होता, विधेयकाच्या बाजूनं बोलायला. बाई म्हणाल्या, "मतं दोन, गाडी एक. काय हरकत आहे?" तर पुढं ती दोघं भांडत आणि मागं मी डबा मांडीवर घेऊन, असे आम्ही निघालो. सहा आठवडे बाईंनी ते भाषण घड्याळ लावून पक्कं केलं होतं. त्यात नागपूर होतं, दोन पेट्या आणि एक कुकर होता, तीनदा विकलेलं घर होतं. मुलीचा शब्द नव्हता.

दारात तपासणी. त्या वर्षांत पावडर म्हटली की तिथले लोक घाबरायचे, आणि आमच्या डब्यात मेतकुटाची डबी! पहारेकऱ्यानं ती दोन बोटांत धरली. बाईंनी त्याच्या हातातून घेतली, चिमूटभर तोंडात टाकली, वर "भाताबरोबर चांगलं लागतं" असं सांगितलं आणि नाव, पत्ता, झिपकोड. त्यानं सोडलं आम्हाला. पत्त्याला कंटाळून सोडलं असेल.

आत मोठं दालन, माणसांनी भरलेलं. बोलायचं असेल त्यानं एक कार्ड भरून कारकुनाकडे द्यायचं, मग तो नाव आणि पत्ता मोठ्यानं वाचून पुकारतो. बाई बाथरूमला गेल्या. मी मनात म्हटलं, आपण एवढं शिकलोय, आज उपयोग करू. कार्ड घेतलं, बाईंचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, एकही चूक नाही. जन्मात पहिल्यांदा मी एका सरकारी कागदावर इंग्रजी लिहिलं आणि ताठ मानेनं कारकुनाच्या हातात दिलं.

वळून बघते तर बाई दाराशी खांबाआड उभ्या. डोक्यावरून पदर घेतलेला! लग्नातसुद्धा डोक्यावर पदर घेतला नव्हता म्हणून ज्या कौतुकानं सांगायच्या, त्या बाई.

मी जवळ गेले. "ताई, तिसऱ्या रांगेत बघा. निळं जॅकेट." आवाज इतका बारीक की मला ओळखू येईना. "तो आहे. कोर्टात त्यानं वकिलाला विचारलं होतं, ही म्हातारी कोण म्हणून. चेहरा ओळखतो माझा. नाव अन् घर तेवढं माहीत नाही." मग म्हणाल्या, "माझं कार्ड भरू नका."

"बाई... भरलं. दिलं पण."

त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "जा आणि परत आणा."

तिकडं कारकून पहिलं कार्ड वाचायला लागला होता. नाव, घर नंबर, रस्ता, सगळं दालनभर ऐकू येत होतं. मी त्याच्या टेबलाशी गेले. मला येत होतं काय? पत्ता, तो सांगायचा नाही. हरकत आहे, ते सांगून काय होणार? मी गठ्ठ्यातल्या माझ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "नो, थँक यू."

तो म्हणाला काहीतरी, बहुतेक नाव मागं घ्यायचंय का असं. मी म्हटलं, "नो, थँक यू." तो पुन्हा काही बोलला. मी कार्डावरचं बोट उचललं नाही. "नो, थँक यू." शेवटी त्यानं ते काढून माझ्या हातात दिलं, असा बघत होता माझ्याकडे!

कार्ड घेऊन आले तर बाई खांबाला कागद टेकवून तांबड्या पेन्सिलीनं आपलं भाषण खोडत होत्या. आधी नाव खोडलं. मग नागपूर. मग डॉक्टर. मग कुकर. मग घर नंबर आणि रस्ता आणि गाव, एकेक शब्द, सावकाश. मी बघत होते. लायब्ररीत, दुकानात, देवापुढं, तीसहून जास्त वर्षं जे जे ही बाई जगाला ठणकावून सांगत आली, ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं खोडलं, आणि हात जरासुद्धा हलला नाही. भुलेचं इंजेक्शन देताना असाच असेल तिचा हात. अर्धं पान उरलं.

शिकारीबुवा कडेला आपला कागद घेऊन उभा होता. बाईंनी त्याला खुणेनं बोलावलं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, शब्द बाईंनी मागाहून सांगितले.

"हे वाच."

त्यानं वाचलं. "डॉक, यातलं एक वाक्य मला पटत नाही."

"पटायला कुठं सांगते? मोठ्यानं वाच म्हणते."

"मला दोनच मिनिटं मिळणार आहेत. ती माझी आहेत."

"माहीत आहे."

"तू का नाही वाचत? तुला तर फुकट माइक दिला तर—"

बाईंनी नुसतं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. त्यानं निळ्या जॅकेटकडे बघितलं, मग बाईंच्या डोक्यावरच्या पदराकडे. त्यानं टोपी काढली, खिशात कोंबली आणि स्वतःचा कागद माझ्या हातात देऊन कारकुनाकडे नवं कार्ड भरायला गेला.

त्याचं नाव पुकारलं. पत्ता वाचला, तर तो भलताच! कुठलं तरी वेगळं गाव. माझ्या लक्षात येईना. तो माइकपाशी उभा राहिला आणि म्हणाला, हे माझं नाही, एका बाईनं लिहिलंय, तिला आज आवाज नाही. आणि वाचायला लागला. "मी आणि माझे यजमान या राज्यात आलो तेव्हा आमच्याकडे दोन पेट्या होत्या." दाढीवाला, सहा फुटी, खांद्यावरच्या पट्ट्यांना पँट अडकवलेला माणूस 'माझे यजमान' म्हणतोय, दालनात हशा पिकला. तो थांबला, हशा संपू दिला, पुढं वाचलं. "घरावर पाटी होती. आम्हाला सांगितलं, विकलं गेलं." मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

माझं इंग्रजी तोकडं, पण सहा आठवडे ओट्याशी ऐकून ते मला पाठ होतं. म्हणून मला कळलं की हे काहीतरी वेगळंच झालंय. घरी होतं ते बाईंचं होतं. नागपूर गेलं, नाव गेलं, आणि ते कुणाचंही झालं. वर बसलेल्या सदस्यांमध्ये एक काळ्या वयस्क बाई होत्या, इतका वेळ कागद चाळत होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि शिकारीबुवाकडे बघत राहिल्या, स्वतःच्या आईचं पत्र कुणी वाचत असावं तशा. शेवटचं वाक्य होतं, "ज्या कायद्यानं मला दार उघडून दिलं, तो वरून आला होता. त्याच्या भावंडाला आज तुम्ही घराबाहेर काढताय."

अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे तुम्ही विधेयकाच्या विरोधात आहात?

शिकारीबुवा म्हणाला, "मी बाजूनं बोलायला आलो होतो, सर. माझी वेळ संपली."

घड्याळ अजून वाजलं नव्हतं.

मग आम्ही परत निघालो. हायवे लागल्यावर बाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "तू पत्ता खोटा दिलास."

"नाही मॅडम. शिकारीची जमीन आहे माझी तिथं, पन्नास मैलांवर. टॅक्स भरतो मी." जरा वेळानं म्हणाला, "त्याला शोधत जायचं असेल तर जाऊ दे तिकडं. चिखल फार आहे."

बाई हसल्या नाहीत. डबा उघडून मेतकूट-भाताचे तीन वाटे केले. त्यानं एका हातानं गाडी चालवत, एका हातानं खाल्ला. खाऊन झाल्यावर पुन्हा म्हणाला, मला तुझं पटलेलं नाही. बाई म्हणाल्या, कसं नाही ते दाखव, मी थांबते. आणि घर येईपर्यंत पुन्हा तेच भांडण.

विधेयक त्या वर्षी समितीतून पुढं गेलंच नाही. त्या अर्ध्या पानामुळं, की सदस्यांच्या आपसातल्या कुरबुरींमुळं, मला सांगता येणार नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पुन्हा आणतील. पेन्सिल आहे ना." पुढच्या वर्षी ती मुलगी दुसऱ्या राज्यात नोकरीला लागली. जाताना तळघरातून वर आली, ओट्याशी उभी राहून अख्खं थालीपीठ खाल्लं, आणि आणखी एक मागितलं. मग सुनावणीपासून बंद पडलेला बाईंचा पत्ता सांगायचा परिपाठ पुन्हा सुरू झाला, दुकानात, फोनवर, सगळीकडे. मधल्या काळात काउंटरवरची पोर म्हणे विचारत होती, आजी बऱ्या आहेत ना?

ते कार्ड मात्र माझ्याकडे आहे. सुनावणीच्या दिवशी मी ते मुठीत इतकं आवळलं होतं की घरी पोचेपर्यंत घामानं मऊ झालं. मी म्हटलं, बाई, चूक झाली हो माझी, फाडून टाका. बाईंनी ते ओट्यावर ठेवून हातानं सरळ केलं, चष्मा लावून वाचलं, आणि माझ्याकडे परत दिलं.

"अक्षर सुंदर आलंय ताई. जपून ठेवा. दाखवू नका कुणाला."

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी सुखात असेल. तो माणूस कुठं आहे, मला माहीत नाही. तिकडंच दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला राहणारी माझी भाची परवा म्हणत होती, "मावशी, आता तरी सांग ना, त्यांचं घर नेमकं कुठं होतं? आम्ही त्या बाजूला जाणार आहोत, बाहेरून बघून येऊ."

कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. मी तिला म्हटलं, "नो, थँक यू."